बधिर करणाऱ्या सुईचा हिशेब

तालुक्याच्या गावातला दंतवैद्य असो की प्राथमिक आरोग्य केंद्रातली ड्रेसिंगची खोली, तिथल्या ट्रेमध्ये रबरी बुचाची एक काचेची कुपी हमखास सापडते. तिच्यावर ‘लिग्नोकेन २ टक्के’ असं छापलेलं असतं, पण डॉक्टर, सिस्टर आणि औषधाच्या दुकानदारापर्यंत सगळे तिला ‘झायलोकेन’ म्हणूनच ओळखतात. तळव्यात घुसलेली काच काढायची आहे, हनुवटीला टाके घालायचे आहेत, दाढ उपटायची आहे, कोकणात विंचू चावलेल्या बोटाची आग शमवायची आहे, अशा प्रत्येक वेळी हात आधी त्या कुपीकडे जातो. कुपीत ३० मिलिलिटर औषध असतं. २ टक्के म्हणजे दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, म्हणजे भरलेल्या कुपीत ६०० मिलिग्रॅम. नुसतं लिग्नोकेन टोचायचं असेल तर वजनाच्या दर किलोमागे साडेचार मिलिग्रॅम आणि एकूण ३०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरली जाते. पन्नास किलो वजनाच्या बाईसाठी ती २२५ मिलिग्रॅमवर, म्हणजे सव्वाअकरा मिलिलिटरवर थांबते. दहा किलोच्या मुलासाठी ती जेमतेम सव्वादोन मिलिलिटर आहे.

याचा अर्थ सरळ आहे. रोजच्या वापरातल्या त्या कुपीत पन्नास किलोच्या बाईला चालेल त्याच्या अडीचपटीहून जास्त आणि दहा किलोच्या मुलाला चालेल त्याच्या तेरापट औषध असतं. तरीही जगभर दररोज असंख्य माणसं ही सुई घेतात आणि तासाभराने चालत घरी जातात. हे औषध स्वभावानेच निरुपद्रवी आहे म्हणून असं घडत नाही. किती द्यायचं, किती पातळ करून द्यायचं, किती सावकाश द्यायचं आणि देताना कुठे पाहायचं, हे डॉक्टरांनी सव्वाशे वर्षांत शिकून घेतलं. त्या शिकण्याची किंमत पुष्कळदा रोग्यांनी मोजली आहे.

सुरुवात व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयात झाली. १८८४ सालापर्यंत ईथर आणि क्लोरोफॉर्म रुळून चाळीसएक वर्षं होत आली होती, पण डोळ्याच्या शस्त्रक्रियेला त्यांचा उपयोग बेताचाच होता. भूल उतरताना रोगी ओकतो, खोकतो, आणि मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला तो ताण सोसत नाही. म्हणून पुष्कळ नेत्रवैद्य रोग्याला शुद्धीवर ठेवूनच डोळा कापत आणि रोगी ते सोसत. कार्ल कोलर हा सव्वीस वर्षांचा तरुण डॉक्टर यावर उपाय शोधत होता. त्याचा सहकारी सिग्मंड फ्रॉइड त्या दिवसांत कोकेनचा थकव्यावर आणि मनावर होणारा परिणाम अभ्यासत होता. कोकेनने जीभ बधिर होते हे नवीन नव्हतं. १८६० साली कोकाच्या पानांतून ते वेगळं काढणाऱ्या आल्बर्ट नीमन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानेच ते नोंदवलं होतं. फ्रॉइड वाग्दत्त वधूला भेटायला हॅम्बुर्गजवळ गेला असताना कोलरच्या डोक्यात आलं की जे जिभेला बधिर करतं ते डोळ्यालाही करेल.

प्रयोगशाळेत त्याने कोकेनची चिमूटभर पूड पाण्यात विरघळवली आणि एका बेडकाच्या डोळ्यात थेंब सोडला. मिनिटभरात बेडूक बुबुळाला सुईचा स्पर्श होऊ देऊ लागला. दुसऱ्या डोळ्याला मात्र हात लावताच तो अंग चोरत होता. त्यानंतर ससा झाला, कुत्रा झाला. मग कोलर आणि त्याचा सोबती गार्टनर यांनी एकमेकांच्या पापण्यांखाली द्रावण सोडलं, आरसा समोर धरला आणि टाचणीच्या डोक्याने स्वतःच्या बुबुळाला स्पर्श करून पाहिला. काहीच जाणवलं नाही. १५ सप्टेंबर १८८४ रोजी हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यकीय परिषदेत हा शोध जाहीर झाला. तिथवर जाण्याइतके पैसे कोलरपाशी नव्हते, त्यामुळे त्याचा निबंध त्रिएस्तच्या डॉ. ब्रेटाउअर यांनी वाचला.

बातमी वणव्यासारखी पसरली. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॅल्स्टेड आणि त्याचे सहकारी कोकेन सुईने थेट नसेभोवती सोडू लागले. खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूने जाणारी नस गाठून अर्धा जबडा बधिर करण्याची रीत त्यांनीच घालून दिली. आज अक्कलदाढ काढताना दंतवैद्य तोंडात मागे खोलवर जी सुई देतात, ती या रीतीचीच पुढची पायरी आहे. हे प्रयोग त्यांनी आधी स्वतःच्या अंगावर केले आणि त्या पायी हॅल्स्टेडला कोकेनचं व्यसन जडलं. उपचारांसाठी त्याला रुग्णालयात राहावं लागलं. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये तो अमेरिकेतला नामवंत शल्यविशारद झाला, तरी व्यसनाची सावली त्याच्या आयुष्यावरून कधी हटली नाही. कोकेनचा हा दुसरा चेहरा मुंबईनेही पाहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत आणि कोलकात्यात कोकेन विड्याच्या पानातून खाल्लं जात असे, आणि त्याच्या चोरट्या व्यापाराने पोलिसांना जेरीस आणलं होतं.

व्यसनाइतकाच मोठा धोका मात्रेचा होता. कोकेन किती द्यावं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १८८६ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये प्राध्यापक कोलोम्निन यांच्याकडे गुदमार्गात व्रण असलेली एक तरुणी आली. छपाईत आलेले आकडे त्यांनी चाळले, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. एकाने सुरक्षित म्हटलेली मात्रा दुसऱ्याच्या लेखी कितीतरी पट जास्त ठरत होती. त्यांनी सुमारे दीड ग्रॅम कोकेन गुदमार्गातून दिलं. शस्त्रक्रिया पार पडली आणि काही तासांत तरुणी दगावली. कोलोम्निन यांना ते सहन झालं नाही. त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. १८९१ पर्यंत वैद्यकीय नियतकालिकांत कोकेनच्या विषबाधेच्या सुमारे दोनशे आणि मृत्यूच्या तेरा घटना नोंदल्या गेल्या होत्या.

हा प्रश्न दोन जर्मन डॉक्टरांनी दोन वाटांनी सोडवायला घेतला. बर्लिनच्या कार्ल श्लाइख यांनी १८९२ मध्ये दाखवून दिलं की कातडी आणि मांस बधिर करायला तीव्र द्रावण लागतच नाही. एक दशांश टक्का किंवा त्याहूनही पातळ द्रावण ऊतींमध्ये भरपूर भरलं की काम होतं, आणि एकूण कोकेन मात्र अगदी थोडं जातं. सुरक्षिततेचं हे पहिलं गणित होतं. शरीराला टक्क्यांशी देणंघेणं नसतं, त्याच्या लेखी एकूण किती मिलिग्रॅम आत गेले ते महत्त्वाचं. आजही मोठी जखम शिवताना जाणता डॉक्टर २ टक्क्यांच्या औषधात सलाईन मिसळून ते १ टक्का किंवा अर्धा टक्का करून घेतो. तेवढ्याच मिलिग्रॅममध्ये त्याला दुप्पट-चौपट जागा बधिर करता येते.

दुसरी वाट लाइपझिगच्या हाइनरिख ब्राउन यांची. बधिर करणारं औषध रक्तात वेगाने मिसळलं तर मेंदूपर्यंत आणि हृदयापर्यंत पोचतं आणि सुई टोचल्या जागी कमी पडतं. हात किंवा बोट पट्ट्याने आवळून हा वेग कमी करता येतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. पण गालाला किंवा हिरडीला पट्टा कसा आवळणार? १९०१ मध्ये ॲड्रिनॅलिन शुद्ध स्वरूपात हाती आलं होतं, आणि ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं. १९०३ मध्ये ब्राउन यांनी त्याचा अगदी किंचित अंश कोकेनमध्ये मिसळला. बधिरपणा लांबला आणि विषबाधा कमी झाली. लिग्नोकेनसोबत ॲड्रिनॅलिन असेल तर आज मर्यादा किलोमागे सात मिलिग्रॅमपर्यंत वाढते, ती याच कारणाने. दंतवैद्याच्या औषधात ॲड्रिनॅलिनचं प्रमाण बहुधा ऐंशी हजारात एक असतं आणि इतरत्र दोन लाखांत एक.

पुढच्या वर्षी म्युनिकच्या आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी कोकेनला पर्याय तयार केला. प्रोकेन. ‘नोव्होकेन’ या नावाने ते जगभर गेलं आणि ब्राउन यांनीच ते शस्त्रक्रियांत रुळवलं. त्याचं व्यसन लागत नव्हतं आणि विषारीपणाही बराच कमी होता. पण परिणाम सावकाश सुरू होई, लवकर ओसरे, आणि शरीरात फुटल्यावर त्यातून जो पदार्थ तयार होई त्याची काहींना ॲलर्जी येई. मृत्यूही पूर्ण थांबले नव्हते. १९२४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने स्थानिक भुलीनंतर दगावलेल्या ४३ जणांच्या नोंदी एकत्र करून अहवाल छापला. एकेका डॉक्टरच्या मनात दडून राहिलेल्या दुर्घटना प्रथमच एका जागी आल्या, आणि त्यांत नेहमीच्या चुका उघड दिसल्या: मात्रा जास्त, द्रावण तीव्र, वेग फार.

आजच्या कुपीतलं औषध भूल देण्याच्या शोधातून आलेलंच नाही. स्टॉकहोममध्ये नोबेलविजेते हान्स फॉन ऑयलर-केल्पिन जवाच्या रोपांमधल्या रसायनांवर काम करत होते. त्यांतल्या ग्रामीन नावाच्या पदार्थाची घडण उलगडण्यासाठी त्यांचे सहकारी होल्गर एर्टमन यांनी त्याच्याशी मिळतंजुळतं एक संयुग तयार केलं. नवीन पदार्थ जिभेला लावून पाहण्याची तेव्हाच्या रसायनशास्त्रज्ञांत रीतच होती. एर्टमनने चव घेतली आणि जीभ बधिर झाली. त्याने आणि निल्स लॉफग्रेन या विद्यार्थ्याने मग त्या कुळातली आणखी संयुगं तयार करून पाहिली, पण प्रोकेनच्या जागी वापरण्याजोगं काही हाती लागेना. लॉफग्रेनने मात्र तो विषय सोडला नाही. १९४२-४३ च्या सुमारास त्याने एक संयुग तयार केलं, आणि बेंग्ट लुंडक्विस्ट हा विशीतला विद्यार्थी पुढे आला. स्थानिक भुलीच्या पाठ्यपुस्तकातली माहिती वाचून हा मुलगा स्वतःच्याच बोटांत सुया टोचून ते संयुग तपासत असे. परिणाम झटपट येत होता आणि प्रोकेनपेक्षा जास्त वेळ टिकत होता.

१९४३ च्या जुलैमध्ये पेटंटसाठी अर्ज गेला आणि वर्ष सरण्याआधीच ॲस्ट्रा या स्वीडिश कंपनीने हक्क विकत घेतले. स्वतःवरचे प्रयोग शौर्याचे होते, पण सुरक्षिततेची खरी परीक्षा पुढेच होती. कारोलिन्स्का संस्थेत लेनर्ड गोल्डबर्ग यांनी विषारीपणा मोजला आणि स्वीडनमधले पहिले प्रशिक्षित भूलतज्ज्ञ टॉर्स्टेन गोर्ड यांनी रोग्यांवर त्याचा परिणाम पारखला. १९४८ च्या सुरुवातीला ते ‘झायलोकेन’ या नावाने स्वीडनच्या बाजारात आलं. लुंडक्विस्ट १९५३ मध्ये वयाच्या तिशीतच एका अपघातानंतर वारला, त्यामुळे आपल्या बोटांत टोचून पाहिलेलं औषध सगळ्या जगात पोचल्याचं त्याला पाहता आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये आवश्यक औषधांची पहिली यादी केली तेव्हा त्यात लिग्नोकेन होतं. भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतही ते आहे.

भारतात या औषधाने गरिबांच्या शस्त्रक्रियेचं चित्र पालटलं. पूर्ण भूल द्यायची तर भूलतज्ज्ञ, प्राणवायू आणि रोग्यावर नजर ठेवणारी खोली हवी. स्थानिक भुलीला एक डॉक्टर, एक सिस्टर आणि उकळलेल्या सुया पुरत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची केंद्रं निघाली ती याच बळावर. १९७१ मध्ये केरळातल्या एर्नाकुलमच्या शिबिरात एका महिन्यात साठ हजारांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली, आणि तीही जागेवर भूल देऊनच. एवढ्या वेगात एवढ्या सुया चालतात तेव्हा प्रत्येकाचं वजन विचारणं, मिलिग्रॅम मोजणं आणि सुई शिरेत गेली नाही ना हे पाहणं, याचा जिम्मा फक्त त्या हातावर असतो. म्हणून हे औषध शिकवताना औषधाइतकंच लक्ष हातांकडे द्यावं लागतं.

नीट शिकलेले हात काय करतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी वजन विचारलं जातं आणि मिलिग्रॅमचा आकडा सुई भरण्यापूर्वीच ठरतो. कुपीवरचं नाव, टक्के आणि मुदत मोठ्याने वाचली जाते. सुई आत गेल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येतं का ते पाहतात. आलं, तर सुई शिरेत आहे, आणि मग मार्ग बदलायचा. औषध एका दमात न सोडता थोडं-थोडं, मधे थांबत सोडतात, आणि थांबलं की रोग्याशी बोलतात. हे बोलणं गप्पांसाठी नसतं. रक्तात औषध वाढलं की मेंदू बहुधा आधी इशारा देतो. ओठांभोवती मुंग्या येतात, जिभेवर धातूसारखी चव येते, कानात गुणगुण सुरू होते, रोगी एकाएकी बडबडू लागतो किंवा एकदम गप्प होतो. पुढची पायरी स्नायू फडफडण्याची, मग फिट, मग श्वास आणि हृदय. पहिल्या इशाऱ्यालाच सुई थांबवली तर पुढची बरीचशी वाट टळते. औषध थेट शिरेत गेलं तर मात्र हे इशारे मिळायलाही वेळ उरत नाही.

भारतात या सुईआधी बऱ्याच ठिकाणी हातावर कातडीखाली थेंबभर औषध टोचून ‘टेस्ट’ करतात. गांध उठली नाही म्हणजे धोका नाही, असा दिलासा रोग्याला आणि डॉक्टरलाही वाटतो. या भीतीला प्रोकेनच्या काळात आधार होता. लिग्नोकेन वेगळ्या रासायनिक कुळातलं आहे आणि त्याची खरी ॲलर्जी फार विरळा आढळते. दाढ काढताना घेरी येते ती बहुधा भीतीने रक्तदाब उतरल्यामुळे, आणि छातीत धडधड होते ती ॲड्रिनॅलिनमुळे. कधीमधी ॲलर्जी येते ती कुपी टिकावी म्हणून घातलेल्या पदार्थाची असू शकते. ॲलर्जीचा पूर्वेतिहास असेल तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायलाच हवी. पण हातावरच्या त्या थेंबाने मात्रा जास्त झाली की नाही किंवा सुई शिरेत गेली की नाही, यातलं काहीच कळत नाही, आणि लिग्नोकेनने होणाऱ्या गंभीर घटना मुख्यतः याच दोन कारणांनी होतात.

औषध ठेवायचं कसं, हाही सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमध्ये चेस्टरफील्डच्या रुग्णालयात वूली आणि रो या दोन माणसांना पाठीत भुलीची सुई दिली गेली. दोघांच्याही शस्त्रक्रिया साध्या होत्या, औषध सिंकोकेन होतं, आणि दोघांचेही पाय कायमचे लुळे पडले. खटला अपील न्यायालयापर्यंत गेला. काचेच्या अँप्युल बाहेरून निर्जंतुक राहाव्यात म्हणून त्या फिनॉलमध्ये बुडवून ठेवत, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यांतून ते आत शिरलं, हे स्पष्टीकरण न्यायालयाने मान्य केलं. १९५४ मध्ये न्यायमूर्ती डेनिंग यांनी निकाल दिला की १९४७ मधल्या डॉक्टरला १९५४ मधल्या ज्ञानाच्या कसोटीवर दोषी धरता येत नाही. पुढे १९९० मध्ये एका भूलतज्ज्ञाने वेगळी शक्यता मांडली. सुया उकळण्याच्या भांड्यातला क्षार काढायला वापरलेलं आम्ल त्यात राहून गेलं असावं. कारण यातलं कोणतंही असो, पाठीत देण्याच्या औषधाला परक्या द्रवाचा थेंबही सोसत नाही, हे त्या खटल्याने सगळ्या जगाच्या मनावर बिंबवलं.

त्या धड्याचं आजचं रूप म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या अँप्युल. रक्तस्राव थांबवण्यासाठी शिरेतून देण्याचं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड बाळंतिणीच्या पाठीत चुकून टोचलं गेल्याच्या घटना भारतासह अनेक देशांतून नोंदल्या गेल्या आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याबद्दल इशारा दिला. लिग्नोकेनचा गोंधळ तर एकाच नावाखाली होऊ शकतो. २ टक्क्यांची जेली, ४ टक्क्यांचं वरून लावायचं द्रावण, ५ टक्क्यांचं मलम, १० टक्क्यांचा फवारा आणि टोचायची २ टक्क्यांची कुपी, ही सगळी एकाच कपाटात, एकाच नावाच्या डब्यांत असतात. घाईत ४ टक्क्यांचं द्रावण सुईत भरलं गेलं तर ठरवलेल्या मिलिलिटरमध्येच दुप्पट मिलिग्रॅम जातात.

कातडीवर लावलेलं औषध आत जात नाही, हा समजही महागात पडला. लेझरने केस काढण्याआधी पायांना तीव्र बधिर करणारं मलम फासून वर प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणींचा अमेरिकेत मृत्यू झाला. त्या घटनांचा दाखला देऊन तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये सावधगिरीची सूचना काढली. मोठ्या जागेवर लावलेलं आणि झाकलेलं मलम रक्तात वेगाने उतरतं. २०१४ मध्ये त्याच प्रशासनाने बजावलं की दात येणाऱ्या बाळांच्या हिरड्यांना २ टक्क्यांचं घट्ट लिग्नोकेन लावू नये. गंभीर परिणाम झालेल्या बालकांच्या नोंदी त्यांच्यासमोर होत्या, आणि त्यांत मृत्यूही होते. दात येताना कुरकुरणाऱ्या बाळाच्या हिरडीवर आई पुन्हा-पुन्हा मलम चोळते आणि ते सगळं बाळाच्या पोटात जातं. सात-आठ किलोच्या जिवाला त्याची मर्यादा फार लवकर गाठते.

जास्त वेळ टिकणारी औषधं आली तसे नवे धोके आले. स्वीडनमध्येच १९५७ मध्ये तयार झालेलं ब्युपिव्हॅकेन तासन्‌तास काम करतं, म्हणून बाळंतपणात आणि सांध्यांच्या शस्त्रक्रियांत ते लोकप्रिय झालं. १९७९ मध्ये अमेरिकन भूलतज्ज्ञ जॉर्ज अल्ब्राइट यांनी लिहिलं की अशा औषधांनी हृदय बंद पडलं तर ते पुन्हा सुरू करणं अतिशय कठीण जातं. १९८० च्या दशकात बाळंतपणासाठी त्याचा पाऊण टक्क्याचा वापर अमेरिकेत बंद झाला. हात पट्ट्याने आवळून शिरेत भूल देण्याची जी रीत आउगुस्त बीअर यांनी १९०८ मध्ये शोधली होती, तिच्यात ब्युपिव्हॅकेन वापरल्याने ब्रिटनमध्ये मृत्यू झाले आणि तिथेही ते त्या कामातून गेलं.

उतारा सापडला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी. चरबीचं चयापचय बिघडलेल्या एका रोग्याचं हृदय अगदी थोड्या ब्युपिव्हॅकेनने अडखळलं. शिकागोच्या गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवर तपासलं की चरबी दिली तर परिणाम आणखी बिघडतो का. निकाल उलट आला. सोयाबीनच्या तेलापासून बनवलेलं, दुधासारखं पांढरं द्रावण आधी दिलेल्या उंदरांना हृदय बंद पडायला जास्त औषध लागू लागलं. हे १९९८ मध्ये छापून आलं. २००६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये खांद्याच्या शस्त्रक्रियेआधी दिलेल्या भुलीने हृदय थांबलेला एक ५८ वर्षांचा रोगी, बाकीचे सगळे उपाय थकल्यावर, याच द्रावणाने परत आला. हे द्रावण मुळात तोंडाने खाऊ न शकणाऱ्या रोग्यांच्या पोषणासाठी आर्विड व्रेटलिंड यांनी स्वीडनमध्येच बनवलं होतं. आज ब्रिटिश आणि अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनांच्या सूचनांत ते आहे. श्वास सांभाळायचा, फिट थांबवायची, आणि २० टक्क्यांचं द्रावण किलोमागे दीड मिलिलिटर भरभर द्यायचं. जिथे मोठ्या मात्रेत नसा बधिर केल्या जातात, तिथल्या शस्त्रक्रियागृहात त्याची पिशवी हाताशी असायला हवी.

अनुभवाने नियम घट्ट झाले, तसे काही सैलही झाले. बोटांत, कानाच्या पाळीत किंवा नाकाच्या शेंड्यात ॲड्रिनॅलिन कधीही द्यायचं नाही, असं डॉक्टरांच्या पिढ्यान्‌पिढ्या शिकत आल्या. बोट सडल्याच्या जुन्या नोंदी त्यामागे होत्या. पण त्या तपासल्यावर दिसलं की बहुतेक घटना प्रोकेनच्या काळातल्या होत्या, आणि ठेवणीत फार जुनं झालेलं प्रोकेन अतिशय आम्लधर्मी होतं. कॅनडाचे डोनाल्ड लालोंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हाताच्या आणि बोटांच्या ३,११० शस्त्रक्रियांचा अभ्यास छापला. ॲड्रिनॅलिन देऊनही त्यांतलं एकही बोट सडलं नव्हतं. त्यानंतर पट्टा न आवळता, रोग्याला पूर्ण जागं ठेवून हाताच्या शस्त्रक्रिया करण्याची पद्धत पसरली आणि ती भारतातल्या हाताच्या शल्यविशारदांनीही उचलली. कंडर शिवून झाल्यावर रोग्यालाच बोट हलवायला सांगतात आणि टाका ताणला जातो का ते तिथल्या तिथे पाहतात. बोटाचा रक्तपुरवठा आधीच बिघडलेला असेल तर मात्र डॉक्टर अजूनही हात आखडता घेतात.

या सगळ्यात रोग्याच्या हाती बरंच असतं. खुर्चीत बसल्यावर किंवा टेबलावर आडवं होताना वजन सांगावं, मुलाचं वजन त्याच आठवड्यात तपासलेलं असावं. यकृताचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर तो आधी सांगावा. लिग्नोकेन यकृतात मोडतं आणि ते यकृत किंवा हृदय थकलेलं असेल तर मात्रा कमी करावी लागते. हृदयाची किंवा रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे, पूर्वी अशा सुईनंतर नेमकं काय झालं होतं, आणि दवाखान्यात येण्यापूर्वी त्याच जागेला घरी मलम लावलं होतं का, हेही कळवावं. आणि सुई सुरू असताना तोंडात धातूची चव आली, ओठांना मुंग्या आल्या किंवा कानात गुणगुण सुरू झाली, तर डॉक्टर काम थांबवतील या संकोचाने गप्प राहू नये. ताबडतोब सांगावं आणि डॉक्टरांना सुई थांबवू द्यावी.